पागडीचे दुकान आणि पुनर्विकास : इमारत रिकामी करण्यापूर्वी पाहावयाचे कागद

मुंबईत भेंडी बाजार, नळ बाजार, डोंगरी, मोहम्मद अली रोड या भागांत ज्या व्यापाऱ्याला आपण दुकानाचा मालक म्हणतो, तो कायद्याच्या भाषेत बहुधा मालक नसतो. तो भाडेकरू असतो. पाटीवर त्याच्या आजोबांचे नाव असते, गल्ल्यावर तो स्वतः बसतो, पागडीची मोठी रक्कम त्याच्याच घराण्याने मोजलेली असते. परंतु जमीन आणि इमारत दुसऱ्याची, आणि व्यापाऱ्याच्या हाती असते ती भाड्याची पावती. ही व्यवस्था आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तीन-तीन पिढ्या धंदा करूनही पुष्कळ बांधवांनी ती पावती एकदाही नीट वाचलेली नसते. इमारत उभी असेपर्यंत त्यावाचून काही अडत नाही. पुनर्विकासाची नोटीस आली की मात्र मोजणीला येणारा माणूस पाटीकडे पाहात नाही, तो पावती मागतो.

जुन्या बाजारांतील इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. अशा वेळी दुकानदाराच्या आणि त्याच्या माळ्यावर बसून काम करणाऱ्या कारागिराच्या हाती काय राहते, हे या लेखात आम्ही पाहणार आहोत.

प्रथम पागडीचा उगम समजून घेतला पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी साधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. भाडे गोठले, पण बाजारातील जागेचे मोल गोठले नाही. या दोहोंमधील फरक पागडीच्या रूपाने हातोहात फिरू लागला. जाणाऱ्या भाडेकरूने येणाऱ्याकडून रक्कम घ्यावयाची, मालकाने त्यातील साधारण तिसरा हिस्सा घेऊन पावतीवर नाव बदलून द्यावयाचे, असा रिवाज पडला. कायद्याने हा व्यवहार गुन्हा होता. म्हणून तो रोखीत होई आणि त्याचे लिखित काही ठेवले जात नसे. दुसरीकडे, गोठलेल्या भाड्यात इमारत सांभाळणे मालकांना परवडेना, त्यांनी दुरुस्ती सोडून दिली. त्यातूनच १९६९ चा दुरुस्ती मंडळाचा कायदा आणि दुरुस्ती उपकर आला. या उपकराखाली मुंबई शहरातील १९,६४२ इमारती आल्या आणि त्यांपैकी १६,५०२ इमारती १९४० पूर्वीच्या होत्या. आपल्या बाजारांतील बहुतेक इमारती याच गटातील होत.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरवल्या. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. या कायद्याने दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली आणि पागडी घेणे-देणे कायदेशीर केले. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती. मात्र जी पागडी त्यापूर्वी दिली गेली होती, ती काही मागे जाऊन कागदावर आली नाही. वडिलांनी १९७५ साली घरातील दागिने मोडून दिलेल्या रकमेचा आज एकच पुरावा असतो : पावतीवरील नाव.

भेंडी बाजाराच्या बाबतीत हा प्रश्न एकाच वेळी हजारो कुटुंबांपुढे आला. दाऊदी बोहरा समाजाचे ५२ वे दाई सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या प्रेरणेने २००९ मध्ये सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सुमारे साडेसोळा एकर जागेवरील सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने एकाच योजनेत घेण्यात आली. एकेक इमारत वेगळी न पाडता अख्खा मोहल्ला नव्याने बांधावयाचा, रस्ते रुंद करावयाचे, अशी ही समूह पुनर्विकासाची कल्पना. पहिल्या टप्प्यातील उंच इमारती २०२० मध्ये पूर्ण झाल्या. परंतु त्याआधी, ३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी, याच योजनेच्या क्षेत्रातील पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे दगावली. पुनर्विकास हवा की नको, या वादाला जुन्या बाजारात आता फारसा अर्थ उरलेला नाही. इमारती खंगल्या आहेत, त्या रिकाम्या कराव्याच लागतील. मग रिकामी करताना दुकानदाराने काय सांभाळावे, इतकाच प्रश्न उरतो.

त्याआधी एक गैरसमज दूर करू. इमारत पडली किंवा पालिकेने पाडली की भाडेकरूचा हक्क संपला, असे पुष्कळांना सांगितले जाते. हे खरे नाही. पालिकेने पाडलेल्या इमारतीच्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निकाल दिला की बांधकाम नाहीसे झाल्याने भाडेकरूचा हक्क आपोआप नाहीसा होत नाही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानेही धोकादायक इमारतींबाबत निर्देश दिले, की पाडण्यापूर्वी पालिकेने भाडेकरूंची यादी आणि प्रत्येकाच्या ताब्यातील क्षेत्र नोंदवून ठेवावे. ही यादी होत असताना दुकानात हजर राहावे, आपले नाव आणि आपला आकडा स्वतः पाहावा आणि नोंदीची प्रत मागून घ्यावी.

आता पावतीकडे वळू. पहिला प्रश्न, नाव कोणाचे आहे? आपल्या बाजारात पावती आजोबांच्या नावावर, परवाना वडिलांच्या नावावर, वीजबिल काकांच्या नावावर आणि गल्ल्यावर नातू, हे चित्र सर्रास दिसते. १९९९ चा कायदा सांगतो की व्यापारासाठी दिलेल्या जागेचा भाडेकरू मरण पावला तर त्या वेळी त्याच्याबरोबर त्या जागेत धंदा करणारा कुटुंबातील माणूस भाडेकरू होतो. तसा कोणी नसेल तर वारसांपैकी एक, आणि एकमत नसेल तर न्यायालय ठरवील तो. म्हणजे दुकानात कोण बसत होते, हे सिद्ध करता आले पाहिजे. भाऊ-भाऊ एकत्र असताना याची कोणाला गरज वाटत नाही. नव्या इमारतीतील गाळ्याची किंमत कळली की वाटू लागते. म्हणून सर्व वारसांची लेखी संमती घेऊन मालकाकडून पावतीवर नाव चढवून घेण्याचे काम पुनर्विकासाच्या वाऱ्याआधीच उरकावे. यात बहिणींना वगळण्याची जी चाल दिसते ती आम्हाला मुळीच पसंत नाही. भाडेकरूपण एकाच्या नावावर गेले तरी माल, येणी आणि भांडवल हा वडिलांचा तर्का होय, आणि त्यात त्यांचा हिस्सा आहे. तो त्याच वेळी लिहून चुकता करावा. पुढे दहा वर्षांनी न्यायालयात उभे राहण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

दुसरा प्रश्न, पावतीवर जागेचा वापर काय लिहिला आहे? निवासासाठी घेतलेल्या खोलीत पुढे शिलाईचे कारखाने निघाले, तळमजल्यावरच्या राहत्या खोल्यांची दुकाने झाली. पुनर्विकासात निवासी आणि बिगर-निवासी भाडेकरूंचे हिशेब वेगळे असतात. निवासी भाडेकरूला किमान क्षेत्राची हमी असते. जुनी खोली लहान असली तरी त्याला नियमाने ठरलेले किमान घर मिळते. दुकानदाराला अशी किमान हमी नाही. उपकरप्राप्त इमारतींच्या नियमानुसार त्याला जुन्या जागेइतकेच क्षेत्र मिळते. ऐंशी चौरस फुटांचे दुकान असेल तर ऐंशीच. त्यामुळे वापराची नोंद चुकीची असेल तर ती कोणत्या बाजूने चुकली आहे, हे आधी समजून घ्यावे आणि मगच दुरुस्तीला हात घालावा.

पावतीला आधार देणारे इतर कागदही तितकेच मोलाचे. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालील जुना गुमास्ता परवाना हा त्यांतील उत्तम कागद होय, कारण त्यावर नाव, पत्ता आणि साल तिन्ही असतात. २०१७ मध्ये नवा कायदा आला आणि १० पेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना नोंदणीऐवजी केवळ सूचना देणे पुरेसे ठरले. तेव्हा पुष्कळांनी जुने परवाने निरुपयोगी समजून रद्दीत टाकले. ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते जपावेत. पालिकेचा व्यवसाय परवाना, बेस्टची जुनी वीजबिले, विक्रीकराच्या नोंदणीचे कागद, बँकेचा पत्रव्यवहार हे सर्व एकत्र करावे. फारसा कोणाला माहीत नसलेला एक कागद म्हणजे पालिकेच्या करनिर्धारण खात्यातील पाहणी नोंदीचा उतारा. इमारतीवर कर बसवताना कोणत्या गाळ्यात कोण भाडेकरू आहे आणि किती भाडे देतो, हे पालिका नोंदवत असे. मालक पावती नाकारू लागला तर हा सरकारी उतारा बोलतो. मालमत्ता पत्रक नगर भूमापन कार्यालयातून काढले म्हणजे आज मालक म्हणून नक्की कोणाचे नाव आहे, तेही कळते. विकासकाला इमारत विकली गेली तरी भाडेकरूंना वर्षभर पत्ता नसतो, असेही घडते.

मालक भाडे स्वीकारत नसेल तर स्वस्थ बसू नये. भाडे धनादेशाने किंवा बँकेमार्फत पाठवून नकाराचा पुरावा ठेवावा. भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. आणि एक धोका : ज्या कारणासाठी जागा घेतली त्या कारणासाठी ती सलग सहा महिने योग्य कारणाशिवाय वापरली नाही, तर मालकाला ताब्याचा दावा लघुवाद न्यायालयात लावता येतो. धंदा मंद आहे म्हणून शटर ओढून गावी जाऊन बसलेल्या दुकानदारांनी याचा विचार करावा.

आता क्षेत्राचा मुद्दा. आमच्या मते व्यापाऱ्याचे सर्वांत मोठे नुकसान येथे होते, आणि तेही त्याच्या सहीने. बहुतेक पावत्यांवर क्षेत्र लिहिलेले नसते. मोजणी होते तेव्हा भिंतीच्या आतील चटई क्षेत्र धरले जाते. पुढचा ओटा, फळी, शटरबाहेर मांडलेला माल यांपैकी काहीही त्यात येत नाही. पोटमाळा मंजूर असल्याचा कागद असेल तर मागता येतो. अनधिकृत बांधकाम हिशेबात घेतले जात नाही. समजा, एखादे दुकान १० फूट रुंद आणि १५ फूट खोल आहे, वर ९० चौरस फुटांचा लाकडी पोटमाळा आहे आणि दुकान नाक्यावर असल्याने दोन बाजूंनी उघडे आहे. दुकानदाराच्या मनात २४० फूट असतात, यादीत १५० लागतात. ते १५० फूट नव्या इमारतीत ६ फूट रुंद आणि २५ फूट खोल अशा गाळ्यातही भरतात, आणि दुसऱ्या मजल्यावर, मागील बाजूसही भरतात. यादीतील आकडा पुरा झाला, असे विकासक सांगेल आणि ते खोटे नसेल. परंतु नाक्यावरील दोन तोंडांचे दुकान आणि दुसऱ्या मजल्यावरील बोळ यांच्या विक्रीत काय अंतर असते, हे व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नाही.

म्हणून करारात केवळ चौरस फूट लिहून घेऊ नये. मजला कोणता, तोंड कोणत्या रस्त्याला, दर्शनी रुंदी किती फूट, छताची उंची किती, हे नकाशावर गाळ्याचा क्रमांक टाकून लिहून घ्यावे. हॉटेल, बेकरी, मिठाईवाल्यांनी पाणी, गटार आणि धुराच्या वाटेची सोय मागावी. लोखंड, हार्डवेअर, काच यांच्या व्यापाऱ्यांनी माल चढवण्या-उतरवण्याची जागा मागावी. नव्या इमारतीत लिफ्ट, पंप, पहारेकरी आले की मासिक देखभाल खर्च येतो, आणि तो जुन्या भाड्याच्या कित्येक पट असतो. दुकानाचा मालकी हक्क मिळाला म्हणून आनंद व्हावा हे योग्यच, पण हा खर्च दुकानाला पेलेल का, हा हिशेब आधी मांडावा.

शेजाऱ्यांशी बोलण्याचे महत्त्वही येथेच आहे. आपल्या बाजारांची रचना लाईनीची आहे. सैफी ज्युबिली स्ट्रीटला गिऱ्हाईक हार्डवेअरसाठी येते, मटण स्ट्रीटच्या चोर बाजारात जुन्या वस्तूंसाठी. एका दुकानात नाही मिळाले तर शेजारी मिळेल, या भरवशावर ते दुरून येते. हीच दुकाने चार इमारतींत आणि तीन मजल्यांवर विखुरली तर प्रत्येकाला आपले क्षेत्र पुरेपूर मिळूनही बाजार मोडतो. तात्पुरत्या जागेचेही तसेच. निवासी कुटुंबाला दोन-चार वर्षे दुसरीकडे घर मिळाले तर ते निभावते. दुकानाचे गिऱ्हाईक तेवढ्या काळात वळते ते वळतेच. एकाच मालाच्या व्यापाऱ्यांनी मिळून, आम्हाला एका ठिकाणी हलवा आणि एका ठिकाणी परत आणा, अशी अट संमतीपूर्वी घातली पाहिजे. एकट्या दुकानदाराचे कोणी ऐकत नाही. उपकरप्राप्त इमारतीत पूर्वी ७० टक्के रहिवाशांची संमती लागे, नंतर ती ५१ टक्क्यांवर आणली गेली. निवासी खोल्या संख्येने अधिक असतात, त्यामुळे दुकानदारांवाचूनही बहुमत पुरे होऊ शकते. ही गोष्ट आपल्या बाजूची नाही, म्हणून लवकर एकत्र येणे भाग आहे.

कारागिरांचा प्रश्न सर्वांत अवघड. जरीकाम करणारा, पिशव्या शिवणारा, पुस्तक बांधणारा, कुलपांच्या किल्ल्या घासणारा, हा बहुधा दुकानदाराच्या पोटमाळ्यावर किंवा मागच्या खोलीत बसतो. त्याच्या नावाचा एकही कागद नसतो. दुकानदाराची अडचण अशी की मालकाच्या परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे हे ताबा जाण्याचे कारण आहे, म्हणून तो कारागिराला लिहून द्यायला घाबरतो. त्याचे घाबरणे चूक नाही. पण इमारत रिकामी होते त्या दिवशी वीस वर्षांचा कारागीर पेटी उचलून रस्त्यावर येतो आणि यादीत त्याचा उल्लेखही नसतो.

येथे एक तारीख ध्यानात ठेवावी : १ फेब्रुवारी १९७३. त्या दिवशी ज्यांचा परवानाधारक म्हणून जागेवर कायदेशीर ताबा होता त्यांना कायद्याने भाडेकरूचे संरक्षण दिले, आणि त्यापूर्वीच्या पोटभाडेकरूंनाही. ज्या कारागीर घराण्यांची बैठक त्याआधीची आहे त्यांनी वडिलांच्या नावाचे जुने परवाने, त्या पत्त्यावर आलेली पत्रे, दुकानदाराच्या वहीतील नोंदी शोधून वकिलाला दाखवाव्यात. दुसरी तारीख १३ जून १९९६. त्यानंतर निर्माण केलेले नवे भाडेकरूपण उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात धरले जात नाही. अस्तित्वात असलेली पावती रीतसर दुसऱ्याच्या नावावर होणे वेगळे आणि एका दुकानाचे लाकडी फळी घालून दोन करणे वेगळे. फळी घातलेल्यांनी दोन गाळ्यांची आशा धरू नये.

१९७३ नंतर आलेल्या कारागिराला जागेचा हक्क मिळवून देणे कठीण आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. उद्यम नोंदणी करून घ्यावी, ती फुकट आहे आणि कर्जासाठी उपयोगी पडते. परंतु तिच्यावरील पत्ता हा जागेवरील हक्काचा पुरावा होत नाही. जेथे दुकानदार आणि कारागीर खरोखर मिळून धंदा करतात, तेथे रीतसर भागीदारीपत्र करता येते. भाडेकरू स्वतः धंद्यात असेल आणि जागेचा ताबा त्याच्याकडे असेल तर न्यायालये अशा भागीदारीला पोटभाडे मानत नाहीत. नावापुरती असेल तर मानतात. आणि हे काहीच शक्य नसेल, तर दुकानदाराला विकासकाकडून तात्पुरत्या काळासाठी जे भाडे मिळते त्यातील ठरावीक भाग आपल्या माळ्यावरील कारागिराला द्यावा, असे निदान आपसात लिहून ठेवता येते. ज्याच्या हातच्या कामावर दुकान चालले त्याच्यासाठी एवढे करणे कोणालाही जड नाही.

रस्त्यावरील बदलांबद्दल थोडेसे. जे. जे. उड्डाणपूल २००२ मध्ये खुला झाला तेव्हापासून दक्षिण मुंबईकडे जाणारे मोटारवाले गिऱ्हाईक मोहम्मद अली रोडच्या डोक्यावरून जाते. खाली जे उरले ते पायी येणारे, टॅक्सीवाले आणि माल नेणारे हातगाडीवाले. त्यांच्यासाठी पदपथ मोकळा हवा, आणि त्याच पदपथावर फेरीवाल्यांचाही संसार आहे. २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत फेरीवाल्याला हटवता येत नाही. दुकानदारांनी पालिकेकडे त्यांना हटवण्याचे अर्ज करण्याऐवजी, नव्या आराखड्यात त्यांच्यासाठी जागा आखून मागावी. रमजानच्या रात्री बाजारात जी गर्दी लोटते ती काही केवळ पक्क्या दुकानांमुळे लोटत नाही.

पैशाचे दोन शब्द. दुकान सोडून रोख रक्कम घेण्याचा मोह पुष्कळांना होतो. भाडेकरूपणाचा हक्क सोडून मिळालेली रक्कम भांडवली नफा म्हणून करपात्र आहे, आणि २०१८ मध्ये सरकारने खुलासा केल्याप्रमाणे व्यापारी जागेच्या पागडीवर वस्तू व सेवा कर लागतो. २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास मनाई आहे. पूर्वीप्रमाणे पिशवीतून व्यवहार करणाऱ्याला जितकी रक्कम मिळते तितकाच दंड होऊ शकतो. इमारत सार्वजनिक विश्वस्त संस्थेची असेल तर विक्री किंवा तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती पाहिल्याशिवाय कोणत्याही विश्वस्ताच्या शब्दावर सही करू नये.

संमतीपत्र आणि पर्यायी जागेचा करार हे दोन वेगळे कागद आहेत. संमतीपत्र एकदा दिले की मागे घेता येत नाही, म्हणून कराराचा मसुदा हाती येऊन वाचून होईपर्यंत त्यावर सही करू नये. करार नोंदणीकृत असावा, आणि नोंदणी झाल्यावरच किल्ली द्यावी. मधल्या काळातील भाडे बंद पडले तर काय, याची तरतूद त्यात असावी. आणि हे सर्व कागद दुकानातील त्याच लोखंडी कपाटात ठेवू नयेत. हुसैनी इमारत पडली तेव्हा कोणाला काही उचलण्यास वेळ मिळाला नव्हता. मूळ कागद बँकेत किंवा दुसऱ्या भागातील नातेवाइकाच्या घरी ठेवावेत, प्रत्येक पानाचे छायाचित्र मुलांच्या फोनमध्ये असावे आणि एक प्रत त्या बहिणीच्या घरीही असावी, जिचा हिस्सा अजून लिहावयाचा राहिला आहे.